कुत्रा ‘मेला’, ‘गेला’ का ‘वारला’?

परभणीकडून एकानं विचारलंय. त्यांच्या घरचा 14 वर्षांचा मोत्या म्हातारपणानं गेला, त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘आमचा मोत्या वारला’ असं टाकलं, तर एका काकांनी लगेच दुरुस्ती केली की माणूस वारतो, जनावर मरतं. बरोबर काय?

काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. ‘वारणे’ आपण माणसासाठीच वापरत आलोय, आणि ते बी बहुतेक होऊन गेलेल्या गोष्टीसाठीच, म्हणजे ‘आजोबा वारले’ म्हणतो पण ‘वारतील’ कुणी म्हणत नाही. पण हा संकेत झाला, व्याकरणाचा नियम नाही. संकेत मानासाठी असतो, अन् मान कुणाला द्यायचा हे ज्याच्या घरातलं गेलं त्यानंच ठरवावं.

‘मेला’ शब्दात तसं वाईट काही नाही, पण ‘मेल्या’ ही शिवी त्यातूनच आली ना, म्हणून लाडक्या जिवाबद्दल तो तोंडातून निघत नाही. आमच्याकडं ‘ऑफ झाला’ पण सर्रास म्हणतात, मला तो फार कोरडा वाटतो.

मला विचाराल तर ‘गेला’. माणसाला चालतो, बैलाला चालतो, कुणी आडवं येत नाही. आमचा वाघ्या थकला तेव्हा शेवटी शेवटी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर पण खाईना गेला, हाक मारली की नुसतं शेपटीचं टोक हलायचं, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘लेकरू उठंना गेलंय’. आता बघा, कुत्रा पुल्लिंगी, पण आईच्या तोंडी नपुंसकलिंग. ‘कुत्रं’ म्हणलं की हिणवल्यासारखं होतं, ‘लेकरू’ म्हणलं की माया, आणि लिंग दोन्हीकडं तेच!

प्रश्नात नाही पण सांगतोच, ‘पुरला’ लिहू नका. आपल्याकडं ‘मातीला जायचंय’ म्हणजे अंत्यविधीला जायचंय, मग तिथं दहन असलं तरी म्हणायचं मातीच. लिंगायतांमध्ये तर खरंच दफन असतं. कुत्र्याला आपण शेतात खरोखरच माती देतो, तर ‘बांधावरच्या लिंबाखाली माती दिली’ म्हणायला कसला संकोच?

आणि नामदेवांची गोष्ट तर काकांनाही माहीत असणार. कुत्रं कोरडी भाकर घेऊन पळालं तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ते नामदेव हिंगोलीतल्या नरसीचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच. त्या मुलखात कुत्र्याला ‘वारला’ म्हणल्यानं मराठी बिघडत नाही.

तेव्हा टाकलेला मेसेज अजिबात बदलू नका. पुढं कुणाला कळवायचं असलं तर ‘आमचा मोत्या गेला, शेतात माती दिली’ एवढं लिहा, आणि ‘आमचा’ तेवढं गाळू नका.