विहीर आटली, बोअरलाही पाणी नाही. आता घरासाठी पाणी कुठून आणायचं?

लगेच दुसरी बोअर मारायला धावू नका. खोल गेलं म्हणजे पाणी लागेलच असं नाही, आणि लागलं तरी ते खारट किंवा फ्लोराइडचं (जास्त झालं तर दात-हाडं बिघडवणारा क्षार) निघू शकतं. फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.

आधी जवळपासची पडीक विहीर बघा. गाळ उपसला की पुष्कळदा झरे मोकळे होतात. पण एकट्याने आत उतरू नका आणि डिझेल इंजिन विहिरीत सोडून तर अजिबात चालवू नका. तळाशी साचलेल्या वायूला बरेचदा वासही नसतो, माणूस कळायच्या आत कोसळतो. वर काढलेलं पाणी तपासून येईपर्यंत पिऊ नका.

पाऊस कमी असला तरी छपरावर पडणारं पाणी साठवायचं सोडू नका. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटर पडला, तर सांडलेलं-उडालेलं वजा जाता साधारण ८०० लिटर हाती लागतात! सुरुवातीचं पाणी मात्र वाहू द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. टाकी झाकलेली हवी, नाहीतर डास पाळल्यासारखंच.

टँकर मागवलाच तर त्यात आधी काय वाहिलं होतं ते विचारा. प्यायचं पाणी खळखळून उकळा. आंघोळीचं पाणी झाडांना घाला, तेवढीच चांगल्या पाण्याची बचत.