फॉरमॅट करण्याआधी व्हर्च्युअलस्टोअर तपासा: जुने गेम नव्या विंडोजवर नेताना

नमस्कार. तुम्ही हिंगोलीहून लिहिले आहे की, विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चालतो, पण त्यात गवत लाल आणि पाणी जांभळे दिसते. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर तो नीट उघडत नाही. २००२ सालच्या आणखी एका गेमची मूळ सीडी तर घातल्यावर काहीच होत नाही. दुकानदाराच्या मते हा ग्राफिक्सचा दोष आहे, आणि दोन्ही यंत्रे फॉरमॅट करून लॅपटॉपवरही विंडोज ७ टाकावे असे तो सुचवतो. कृपया तूर्त यांपैकी एकही यंत्र त्याच्या हाती देऊ नका. अगदी हेच निदान आम्हाला लातूरच्या एका दुरुस्ती केंद्रात ऐकवले गेले होते, आणि त्यात आमचे जे गेले ते पुन्हा मिळाले नाही.

कम्पॅटिबिलिटी मोड लावून पाहणे, विंडोज फीचर्समधून डायरेक्टप्ले (जुन्या गेमना लागणारा विंडोजचा एक भाग) सुरू करणे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करणे हे सर्व तुम्ही केले असेलच असे धरून पुढे लिहितो.

लाल गवताचा आणि ग्राफिक्स कार्ड बिघडण्याचा काहीही संबंध नाही. १९९९ साली आलेला हा गेम २५६ रंगांत चालतो. त्या पद्धतीत सर्व प्रोग्रामना मिळून २५६ खाचांची एकच रंगपेटी असते, आणि कोणत्या खाचेत कोणता रंग भरायचा हे गेम स्वतः ठरवतो. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर मध्येच त्या खाचांत स्वतःचे रंग भरतो, म्हणून हिरव्याच्या जागी लाल उमटतो. गेम सुरू करण्यापूर्वी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की रंग जागेवर येतात. खेळून झाल्यावर तिथूनच ‘न्यू टास्क’मध्ये तो पुन्हा सुरू करता येतो. एक रुपयाही न लागणाऱ्या या उपायाऐवजी आम्हाला नवे कार्ड घ्यायला लावले गेले, त्याने फरक पडला नाही तेव्हा मदरबोर्डवर शंका घेतली गेली, आणि शेवटी ‘विंडोजच खराब आहे’ असे सांगून सी ड्राइव्ह फॉरमॅट केला गेला.

कार्डाच्या पैशांचे मला आता काही वाटत नाही. माझ्या मोठ्या भावाने त्या गेमच्या सीनॅरिओ एडिटरमध्ये, म्हणजे स्वतःचे नकाशे आणि लढाया (सीनॅरिओ) रचण्याच्या सोयीत, देवगिरीचा किल्ला उभा केला होता: खंदक, चढण, तटबंदी, आणि १२९६ च्या अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीवर बेतलेली पूर्ण लढाई. गेममध्ये यादवांचे सैन्य नव्हते, म्हणून त्याने पर्शियन पक्षाचे हत्ती घेतले होते. आम्ही केंद्रात लेखी देऊन बजावले होते की गेमचा संपूर्ण फोल्डर जपावा. त्यांनी ‘प्रोग्राम फाइल्स’मधील फोल्डरची प्रत काढली, फॉरमॅट केले आणि ती प्रत परत दिली. त्या प्रतीत कंपनीचे सीनॅरिओ होते. भावाचा एकही नव्हता. चौकशी केली तेव्हा ‘तुम्ही दिलेला फोल्डर आम्ही परत केला’ या एका वाक्यापलीकडे कुणी बोलायला तयार नव्हते. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे, त्यांना विंडोज फाइल कुठे ठेवते हे ठाऊक नसावे आणि विचारल्यावर पाहण्याचीही तयारी नसावी, याचा राग मला आजही येतो.

म्हणून पुढचा भाग कृपया लक्षपूर्वक वाचा. व्हिस्टापासून विंडोज साध्या परवानगीने चालणाऱ्या प्रोग्रामला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू देत नाही. जुने गेम मात्र आपले सेव्ह, खेळाडूंची नावे आणि सीनॅरिओ स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात. ते बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवते. ती जागा अशी: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, लोकल आणि त्यात व्हर्च्युअलस्टोअर. ॲपडेटा लपवलेला असतो, त्यामुळे ‘हिडन आयटम्स’ दाखवण्याची सोय आधी सुरू करावी लागते. गेमला वाटते की फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये आहे, आणि आपल्यालाही तसेच वाटते. संगणक एकापेक्षा अधिक जण आपापल्या नावाने वापरत असतील तर प्रत्येकाचा व्हर्च्युअलस्टोअर वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येकाचा पाहावा लागतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. तोच गेम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवला तर तो थेट मूळ फोल्डरमध्ये लिहितो. कधी साधा आणि कधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या गेमचे सेव्ह त्यामुळे दोन जागी विभागले जातात, आणि ‘काल होते ते सेव्ह आज गायब’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. दोन्ही जागांच्या प्रती घ्या, त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि एकीवर दुसरी कॉपी करू नका. नव्या लॅपटॉपवर गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये न टाकता सी किंवा डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचा साधा फोल्डर करून त्यात टाका, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

आता दुसऱ्या सीडीबद्दल. मी तुमचे यंत्र पाहिलेले नाही, त्यामुळे हा अंदाज समजा. त्या काळातील बऱ्याच गेमच्या सीडीवर सेफडिस्क नावाचे नक्कलविरोधी कुलूप असे, आणि ते उघडण्यासाठी विंडोजमध्ये ‘सेकड्रव्ह’ नावाचा ड्रायव्हर लागे. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची गंभीर त्रुटी होती. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० आणताना तो वगळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ मध्येही तो बंद केला. म्हणजे सीडी चांगली, ड्राइव्ह चांगला, लॅपटॉप चांगला, तरीही गेम उघडणार नाही, आणि कितीही वेळा इन्स्टॉल केला तरी उघडणार नाही. अपडेट झालेल्या विंडोज ७ वरही तो आपोआप चालणार नाही, हे तुमच्या दुकानदाराला अवश्य विचारून पाहा. तो ड्रायव्हर कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवून विंडोजची सुरक्षा सैल करून बसवण्याचे मार्ग सांगितले जातात. माझे मत त्याच्या पूर्ण विरोधात आहे. आधी त्या गेमच्या प्रकाशकाने नंतरच्या अधिकृत पॅचमध्ये (गेमच्या दुरुस्तीच्या फाइलमध्ये) सीडीची तपासणी काढली आहे का ते पाहा. नसेल तर गॉग किंवा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानांत तो विकत मिळतो का ते पाहा. गॉग २००८ पासून अशा जुन्या गेमच्या कुलूप नसलेल्या आवृत्त्या विकत आहे. सीडीची तपासणी टाळणाऱ्या फुकटच्या ‘नो सीडी’ फाइलबद्दल मी काही सुचवत नाही, कारण कायद्याचा भाग सोडला तरी त्यांतून व्हायरस आलेले मी पाहिले आहेत.

इन्स्टॉलरच ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असे म्हणत असेल तर कारण वेगळे आहे. विंडोज ९५ च्या काळातील कित्येक गेम ३२ बिटचे असूनही त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा होता. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. तिथे १६ बिटचे प्रोग्राम चालवून देणारे वाइनव्हीडीएम (winevdm) उपयोगी पडते. डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स आहेच, त्यावर अधिक लिहीत नाही.

लॅपटॉपवर ‘एज ऑफ एम्पायर्स २’चा पडदा काळा राहणे, कर्सर अडखळणे असे होत असेल तर सीएनसी-डीड्रॉ (cnc-ddraw) हे साधन वापरून पाहा. त्यातील डीड्रॉ नावाची डीएलएल फाइल आणि तिची सेटिंगची फाइल गेमच्या मुख्य फाइलशेजारी ठेवायची. डायरेक्टड्रॉ या चित्र काढण्याच्या जुन्या पद्धतीतले गेमचे आदेश ती आजच्या ग्राफिक्स कार्डला समजतील असे करून देते. त्रिमितीय गेमसाठी, विशेषतः थ्रीडीएफएक्स कंपनीच्या जुन्या व्हूडू ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेल्या गेमसाठी, डीजीव्हूडू २ (dgVoodoo 2) हे तसेच साधन अधिक चांगले. दोन्ही त्यांच्या मूळ पानावरूनच उतरवा, आणि एका वेळी एकच वापरा.

नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकू नये असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले, आणि याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचे व्यवहार आणि पीक विम्याचे अर्ज करता असे लिहिले आहे. शिवाय विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ आणि एनव्हीएमईचे (नव्या वेगवान डिस्कचे) ड्रायव्हर मुळात नाहीत, त्यामुळे इन्स्टॉल करतानाच माउस किंवा डिस्क न दिसण्याची वेळ येते. जुने वातावरण हवेच असेल तर तुमचा विंडोज ७ चा संगणक तसाच ठेवा, फक्त त्याचे इंटरनेट काढून टाका.

जाता जाता सीड्यांबद्दल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात त्या ठेवू नका, आणि पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतलात तर लगेच त्यांच्या प्रतिमा, म्हणजे सीडीची जशीच्या तशी प्रत असलेल्या फाइल, काढून ठेवा. गेमचे संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखे असेल तर आयएसओ या नेहमीच्या प्रकारच्या प्रतिमेत ते येत नाही, तिथे बिन आणि क्यू या जोडीची प्रतिमा लागते. सेफडिस्कची सीडी मात्र साध्या प्रतिमेतून चालत नाही.

आज फक्त गेमचा मूळ फोल्डर आणि व्हर्च्युअलस्टोअर या दोन्हींच्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या. त्यानंतर दुसऱ्या गेमचे नाव, आणि सीडीतील सेटअप फाइल स्वतः उघडल्यावर येणाऱ्या संदेशातील शब्द जसेच्या तसे इथे लिहा. कुलूप अडवते आहे की इन्स्टॉलर, हे त्यावरून सांगता येईल.