टपालातल्या माणसांची पत्रं: धंदा वाढवायचा, पण कुणाच्या खिशातून?

या महिन्यात सदराच्या पेटीत पोस्टातल्याच लोकांची पत्रं जास्त निघाली. संपादकांनी ती माझ्याकडे धाडली, कारण मी काउंटरवर क्लार्क म्हणून टपाल खात्यात शिरले आणि सब-पोस्टमास्तर म्हणून बाहेर पडले. बहुतेकांचं विचारणं एकच आहे: आपल्या खात्याचा धंदा वाढावा म्हणून आपण नेमकं काय करायचं? मला जे पटतं तेच सांगते. सर्क्युलर तुमच्याकडे आहेतच.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाखा डाकघरात बीपीएम, म्हणजे शाखा पोस्टमास्तर, आहे. महिनाअखेरीला खात्यांचं आणि विम्याचं टारगेट येतं. मेळाव्याच्या दिवशी आकडा भरला नाही तर ग्रुपवर नाव झळकतं. मग पदरचे शंभर-शंभर घालून आरडी (दरमहा हप्त्याची ठेव) उघडतो, एखाद्याचा विम्याचा पहिला हप्ताही भरतो. याला धंदा वाढवणं म्हणायचं का?

नाही. तुमच्या खिशाची काळजी बाजूला ठेवली तरी टपाल खात्याच्या हिशेबानंही हे उत्तर नाहीच. पाच वर्षांची आरडी म्हणजे साठ हप्ते. पहिला तुम्ही भरलात, उरलेले एकोणसाठ कोण भरणार? चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि पुढच्या दोन महिन्यांत ते चालू करून घेतलं नाही तर संपलंच. ग्रामीण डाक जीवन विम्याचं याहून अवघड. तीन वर्षं न झालेली पॉलिसी सहा महिने हप्ते थकले की लॅप्स होते. जिच्या नावावर ती काढली त्या बाईला एवढंच आठवतं की पोस्टाच्या माणसानं अंगठा घेतला होता आणि हाती काही आलं नाही. हे ती नळावर सांगते, आणि तिच्या भावकीतलं एक घर पुढं तुमच्याकडं फिरकत नाही.

तुमच्याजवळ जे आहे ते तालुक्याच्या बँकेतल्या साहेबाजवळ नाही. गावात पैसा कधी येतो, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघत असेल तर आरडीचा हप्ता बिलाच्या दुसऱ्या दिवशी मागा. महिनाअखेरीला घरात पैसे नसतात आणि मागणारा माणूस नकोसा होतो. उसाचं बिल जमा झालं की टीडीचं, म्हणजे मुदत ठेवीचं, बोलणं काढा, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याच्या आधी काढा. मुलींच्या सुकन्या समृद्धी खात्यासाठी अंगणवाडी सेविकेकडं बसा, कुठल्या घरी मुलगी झाली ते तिला पहिल्यांदा कळतं. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं, पंधरा वर्षं भरायचं आणि उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पिकतं. अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावीनंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, हे आवर्जून सांगा. लग्नाचा विषय गावात दुसरे काढतातच.

आणि नोव्हेंबर सोडू नका. निवृत्त शिक्षक, एसटीचे जुने कर्मचारी, फौजेतून परतलेले म्हातारे, सगळ्यांना हयातीचा दाखला लागतो. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेच्या मशीनवर तो ७० रुपयांत घरबसल्या होतो आणि त्यासाठी आपल्याकडं खातं असण्याचीही गरज नाही. गुडघे धरून तालुक्याला जाणाऱ्या माणसाचं काम तुम्ही ओसरीवर बसून केलंत, तर पुढं त्याच्या नातीचं खातं उघडायला मेळावा भरवावा लागत नाही.

साहेबांचं म्हणाल, तर पुढच्या मीटिंगला एक कागद घेऊन जा. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात उघडलेली खाती किती, त्यातली आज चालू किती. ग्रुपवर टाकू नका, समोर बसून दाखवा. त्यांच्यावरही वरून टारगेट असतं, आणि बंद खात्यांचा जाब त्यांनाही कधीतरी द्यावाच लागतो.

प्रश्न : इचलकरंजीत पोस्टमन आहे. बीटवर, म्हणजे माझ्या वाटपाच्या भागात, रोज पाहतो, कापडाच्या दुकानांपुढं खासगी कुरिअरच्या गाड्या लागतात. हे कुणाला सांगून उपयोग आहे का? दुसरं असं की पाकिटांवरून मला कळतं, कुणाची बँकेतली ठेव पिकली, कुणाचे विम्याचे पैसे आले. अशा घरी एमआयएस (मासिक उत्पन्न योजना) सुचवलं तर धंदा होईल का?

दुसऱ्याचं आधी. पाकिटावरून कळलेलं पाकिटावरच राहू द्या. एकट्या राहणाऱ्या बाईंना आज बँकेचं पत्र दिलंत आणि उद्या 'काकू, पैसे आलेत ना, पोस्टात टाका' म्हणालात, तर त्या पैसे टाकणार नाहीतच, वर तुमच्या हातून पत्र घ्यायलाही कचरतील. लोक त्यांचं टपाल आपल्या हाती सोपवतात ते आपण वाचत नाही या भरवशावर. तो गेला तर विकायला उरतं काय? हां, काकूंनीच विचारलं, 'निवृत्तीचे पैसे कुठं ठेवू रे?' तर सगळं नीट सांगा: एमआयएसमध्ये एकट्याच्या नावावर ९ लाखांपर्यंत, दोघांच्या १५ लाखांपर्यंत, ज्येष्ठांच्या योजनेत ३० लाखांपर्यंत.

दुकानापुढची गाडी मात्र भर रस्त्यात उभी आहे, ती पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्यात पोस्टमननं बीटवर दिसलेल्या गिऱ्हाइकाचं नाव विक्रीच्या माणसांना कळवायचं, अशी योजना २००३ पासून आहे. तिथल्या पत्रं वाटणाऱ्यांच्या युनियननंच ती खात्याबरोबर उभी केली. आपल्याकडं त्यासाठी एक वही पुरते. दुकानाचं नाव, रोज अंदाजे किती पार्सलं, कुठल्या गावांना, गाडी किती वाजता येते. एवढं पोस्टमास्तरांना किंवा डिव्हिजनच्या मार्केटिंग एक्झिक्युटिव्हला द्या. नुसतं 'तिथं लई धंदा आहे साहेब' म्हटलं की कुणी उठत नाही.

दुकानदाराशी बोलताना स्वस्ताईपासून सुरुवात करू नका. त्याची कुठली पार्सलं परत येतात ते विचारा. देशातल्या एक लाख साठ हजारांवर पोस्टांपैकी दहातली नऊ खेड्यात आहेत. भामरागडकडच्या गावात किंवा कोकणातल्या आडवाडीत साडी पोचवायची तर पुष्कळ कुरिअरवाले 'तालुक्याला येऊन घेऊन जा' म्हणतात. तिथं आपला डाक सेवक जातो. मग महिन्याच्या बिलाची सोय, कॅश ऑन डिलिव्हरी, दुकानातून माल उचलणं, हे पुढचं बोलणं साहेबांना करू द्या. फक्त उचलायची वेळ पाच ठरली तर पाचलाच माणूस आला पाहिजे. पहिल्याच आठवड्यात दोनदा चुकलं की तो व्यापारी गेला, आणि त्याच्याबरोबर त्याची अख्खी गल्ली.

एक कडू गोष्ट तुमच्या बिरादरीलाही सांगते. जिने न चढता 'दरवाजा बंद' असा शेरा मारलेलं एक पार्सल वहीतल्या दहा नावांवर पाणी फिरवतं. घरात बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर तो मेसेज जातो हो!

प्रश्न : काउंटरला आहे. लोक 'रजिस्टर करायचंय' म्हणतात, मी 'ते बंद झालं' सांगते, ते निघून जातात. काय करू?

'बंद' हा शब्द सोडा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर स्पीड पोस्टात सामावलं आहे. ज्याच्या नावाचं त्याच्याच हाती द्यायचं असेल तर स्पीड पोस्टावर नोंदणीचे ५ रुपये आणि कर, बस्स. म्हणा, 'होतं ना, द्या इकडं.' 'बंद' ऐकलं की वकिलांची नोटीस घेऊन येणारी पोरं अर्ध्या वाक्यावरच वळतात.

प्रश्न : आमचे हे पोस्टमन आहेत, पण घरातल्या राख्या कुरिअरनं जातात आणि विमा खासगी कंपनीचा आहे. हे बरोबर दिसतं का?

दिसत नाही, पण घरात भांडण लावायला मला बोलावू नका! त्यांना एवढंच विचारा की डाक जीवन विमा १८८४ मध्ये सुरू झाला तो मुळात कुणासाठी? पोस्टाच्या नोकरांसाठीच. १८९४ मध्ये खात्यातल्या बायकांनाही तो मिळू लागला, तेव्हा बाहेरच्या कंपन्या बाईचा विमा उतरवायला तयार नव्हत्या. म्हणून मला त्याचं थोडं जास्तच कौतुक आहे. हप्ता आणि बोनस कागदावर मांडा, शेजारी खासगीचा मांडा, आणि जे बरं दिसेल ते घ्या. राख्यांना मात्र सबब नाही. पावसात न भिजणारी पाकिटं खुद्द पोस्टातच मिळतात.

प्रश्न : पुण्यात काउंटरवर आहे. दिवाळीत परदेशी फराळाची पार्सलं येतात, पण २०२५ च्या गोंधळानंतर लोक बिचकतात. त्यांना परत कसं आणायचं?

बिचकणारच. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेची पार्सलं थांबली, ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली, आणि दिवाळी तोंडावर. लेकीला चकल्या पाठवणाऱ्या आईला जकातीचं राजकारण ऐकायचं नसतं. तिला हवं असतं 'पोचेल का, किती दिवसांत, किती पैसे'. म्हणून रोज सकाळी काउंटर उघडण्याआधी त्या त्या देशाची त्या दिवशीची स्थिती पाहून ठेवा, आणि जकात लागत असेल तर ती आधी सांगा, पैसे घेतल्यावर नव्हे. कस्टमच्या फॉर्मवर 'मिठाई' एवढंच लिहू देऊ नका. लाडू किती, चिवडा किती, किंमत काय, वेगवेगळं लिहून घ्या. तेल सुटणारा पदार्थ दिसला तर डबा परत बांधायला सांगा, नाहीतर पॅकिंगची सोय असलेल्या पोस्टाचा पत्ता द्या. हे सगळं दसऱ्याच्या आधी सोसायट्यांच्या फलकावर एका कागदावर लावून टाका, म्हणजे गर्दीही विभागेल. आणि पावती देताना पार्सल कुठवर पोचलं ते कसं बघायचं, हे आजोबांना त्यांच्याच मोबाइलवर एकदा करून दाखवा. मागं रांग असली तरी.