पावसाळ्यात येणारं मोठं काळं-निळं फुलपाखरू कोणतं? शेपटी नसूनही ते स्वॉलोटेल कसं?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणजवळ तुमच्या घरामागे पावसाळ्यात तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू फिरतं, त्याला शेपटी नाही, तरी पुस्तकात ते स्वॉलोटेल कुळात, म्हणजे मागच्या पंखांना शेपटीसारखं टोक असणाऱ्या फुलपाखरांच्या कुळात, दाखवलंय. आणि ते बागेत टिकावं म्हणून कोणती फुलझाडं लावावीत. वर्णनावरून ते ब्लू मॉर्मन, म्हणजे आपली राणी पाकोळी. अलीकडे नीलवंत हे नावही रुळलंय. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलंच राज्य.

पंख पसरले की १२ ते १५ सेंटिमीटर भरतात. पुढचे पंख मखमली काळे, त्यांवर फिकट निळ्या पट्ट्यांची रांग. मागच्या पंखांचा बराचसा भाग निळा आणि त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. पंख मिटले की खालच्या बाजूला, अगदी मुळाशी, लाल डाग दिसतात. ते दिसले की शंकाच उरत नाही. मादीचे रंग जरा मंद. फुलावर मध पितानाही त्याची पंखांची फडफड थांबत नाही, त्यामुळे फोटो हलला तर वाईट वाटून घेऊ नका.

शेपटीचं म्हणाल तर कुळ तिच्यावरून ठरत नाही. या कुळात बिनशेपटीच्या जाती बऱ्याच आहेत. कुळाची पक्की खूण अळीकडे असते. अळीला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचा लालसर, ओलसर अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि छोट्या शत्रूंना पळवायचं हे हत्यार या कुळातल्या सगळ्या अळ्यांकडे असतं.

आता बागेचं. तुम्ही फक्त फुलझाडं विचारलीत, पण फुलपाखरू टिकतं ते अळीच्या झाडावर. जास्वंद, इक्सोरा, मुसांडा, पेंटास जरूर लावा, त्यांवर ते मध प्यायला येईल आणि निघून जाईल. अंडी घालायला मादीला लिंबाच्या कुळातलंच झाड लागतं: रानात माकडलिंबू, किरमिरा, घराजवळ पपनस, लिंबू. अंडी घालणारी मादी एकदा नीट बघा. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी टपटप करते, कारण पानाची चव तिला पायांनी कळते. झाड योग्य ठरलं की पोट वाकवून एकच गोल, पिवळसर अंडं चिकटवते आणि पुढच्या पानाकडे जाते.

काही दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा, आणि पानावर उघड्यावर बसूनही वाचते ती त्यामुळेच. मोठी होताना कात टाकत टाकत ती हिरवी होते आणि फुगीर छातीवर डोळ्यांसारखे ठिपके येतात. मग रेशमी धाग्याचा पट्टा कमरेला घालून फांदीला टेकून कोष करते. कोष आसपासच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण दीड महिना धरा, हवामानाप्रमाणे मागेपुढे होतो.

तुमच्या लिंबावर दिसेल ती प्रत्येक अळी राणी पाकोळीचीच असेल असं मात्र नाही. लिंबाळी आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या अळ्याही याच झाडावर वाढतात आणि लहानपणी तिन्ही सारख्याच दिसतात.

राणी पाकोळी मुख्यतः पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली. दाट, ओलसर झाडी तिला आवडते, तरी मुंबई-पुण्याच्या बागांतही भेटते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ती सर्वात जास्त दिसते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर नर घोळक्याने बसलेले दिसले तर थांबून बघा. मातीतले क्षार शोषायला ते तिथे येतात.

तुम्ही कोकणात आहात म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. कुंपणाच्या आतल्या बाजूला थोड्या सावलीत एक पपनस लावा. पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी करू नका. मोठ्या झाडाला चार-दोन अळ्यांनी काहीच होत नाही, नवी पालवी येते. रोप लहान असेल आणि अळ्या जास्त झाल्या, तर पानासकट उचलून दुसऱ्या लिंबावर ठेवा. आणि माकडलिंबू आधीच रानात उगवलेलं असेल, तर साफसफाईच्या वेळी गड्याला ते दाखवून ठेवा, नाहीतर झुडूप समजून छाटलं जातं.