घरात कुणातच न मिसळणाऱ्या माणसाच्या मनात नेमकं काय चालतं? त्याला कशाची भीती वाटते?

तुम्ही लिहिलंय की पाहुणे आले की तुमचे धाकटे दीर खोलीत जातात, गणपतीत आरती झाली की गच्ची गाठतात, आणि सासूबाई त्यांना शिष्ट म्हणतात. मी स्वतः याच स्वभावाची आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

वागणं हेच असलं तरी आतली कारणं फार वेगवेगळी असतात. येन्स आसेनडॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली यावर लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या धरल्या. माणसांत जाण्याची ओढ किती, आणि माणसं टाळण्याची निकड किती. ओढही आहे आणि टाळणंही आहे, तो बुजरा. दोन्ही कमी असतील तो आपल्यातच रमणारा, त्याला कसलीच भीती नसते. त्याची काळजी करू नका. ओढ कमी आणि टाळणं जास्त, तो तिसरा.

बुजऱ्याचे हाल सर्वांत जास्त. चीक आणि बस या अमेरिकन संशोधकांनी १९८१ साली एकमेकींना न ओळखणाऱ्या विद्यार्थिनींना जोडीजोडीनं बसवून पाहिलं. ज्या लाजाळू होत्या आणि ज्यांना माणसांची आवडही होती, त्याच सर्वांत अवघडलेल्या दिसल्या. बोलणं कमी, नजर दुसरीकडे. भाऊजी दाराशी घुटमळत असतील, पाहुणे गेल्यावर ‘काय म्हणत होते?’ असं विचारत असतील, तर त्यांना यायचंय. भीती आहे ती लोक आपल्याला जोखतील याची.

मी तिसऱ्यांतली. आमची भीती लोकांना पटकन कळत नाही, कारण ती नापसंत होण्याची नसते. कुणीतरी आपल्यावर हक्क सांगेल याची असते. कॅरन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईंनी १९४५ साली अलिप्त माणसाचं जे वर्णन केलं, ते वाचताना मला कुणीतरी आपल्याला ओळखल्यासारखं वाटलं. त्या म्हणतात, अशा माणसाला दबावाची चाहूलही सहन होत नाही, मग तो गळ्याशी घट्ट बसणाऱ्या कॉलरचा का असेना. मनात येईल तेव्हा तो भेटवस्तू देईल, पण वाढदिवसाला अपेक्षित असलेली भेटवस्तू मात्र विसरेल. कुणाची गरजच लागू नये म्हणून तो स्वतःच्या गरजा कमी करत जातो. बाहेरून हे कोरडं दिसतं. आत मात्र आपलं असं काहीतरी शाबूत ठेवण्याची धडपड असते, आणि ते एकदा हातचं गेलं तर परत मिळणार नाही अशी धास्ती.

म्हणूनच ‘ये ना, बस जरा आमच्यात’ हे मायेनं म्हटलेलं वाक्यही मला पकडून ठेवल्यासारखं वाटतं. उलट कुणी काही न विचारता शेजारी शेंगा सोलत बसलं, की थोड्या वेळानं मी आपणहून बोलू लागते. माझ्या जावेला हे कुणी शिकवलं नव्हतं. या घरात मी सर्वांत जास्त तिच्याशीच बोलते.

मात्र भाऊजी पूर्वी बोलके होते आणि अलीकडच्या काही महिन्यांत असे झाले असतील, झोप, अंघोळ, कामधंदा यांची घडी विसकटली असेल, किंवा लोक आपल्यावर टपून आहेत असं ते म्हणत असतील, तर हा स्वभाव समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

तसं काही नसेल, तर ते खोलीबाहेर आल्यावर ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!’ हे वाक्य घरात कुणालाच म्हणू देऊ नका. बुजरा त्यानं मरणप्राय लाजतो, आणि माझ्यासारखी पुन्हा दार लावून घेते. या गणपतीत किती माणसं येणार, किती वाजेपर्यंत थांबणार, हे त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आरतीनंतर प्रसाद वाटायला त्यांच्या हाती द्या. हातात काम असलं की गप्पा मारण्याचं ओझं राहत नाही. प्रसाद वाटून झाल्यावर ते गच्चीवर गेले, तर जाऊ द्या. सासूबाईंनी हाक मारलीच, तर ‘मीच पाठवलंय त्यांना वर’ असं तुम्ही सांगा.