नववीच्या मुलांची इंग्रजी शिकवणी : सुरुवात कुठून करायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की मराठी मीडियमची नववीतली दोन मुलं शिकवणीला येणारेत, बारा टेन्स तोंडपाठ आहेत पण चार वाक्यं लिही म्हटलं की पेन तोंडात, तर ग्रामरचं कुठलं पुस्तक घ्यावं. मी चौदा वर्षं घरीच शिकवण्या घेतेय, मला विचाराल तर पहिला महिनाभर ग्रामरचं पुस्तक आणूच नका.

पहिल्या दिवशी त्यांचं शाळेचं पुस्तक नुसतं चाळून बघा. बऱ्याच पोरांच्या पुस्तकात अवघड शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी लिहिलेलं असतं, वर्गात सर वाचत असताना भराभर उतरवलेलं. म्हणजे पोरगं धडाधड वाचतंय असं आपल्याला वाटतं पण ते वाचत असतं वरची मराठी ओळ. माझ्याकडे एक जण असाच अख्खं पान न अडखळता वाचायचा, मी तेच शब्द कोऱ्या कागदावर लिहून दिले तर थ्रू (through), दो (though) आणि थॉट (thought) तिन्हीला 'थ्रो' म्हणाला. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे याची आठ वर्षं होऊन गेलेली, पण ते तोंडावर बोलून दाखवू नका हं, त्याला ते माहितीच असतं, म्हणून तर पेन्सिल. सहावीच्या लेव्हलचं काहीतरी द्या, नाहीतर क्रिकेट मॅचची छोटी बातमी, रोज दहा मिनिटं, आधी तुम्ही वाचा मग तो.

लिहायला रोज फक्त पाच ओळी, काल काय झालं ते. त्यातूनच ग्रामर निघतं आणि तेवढंच शिकवायचं. 'आय डिड नॉट वेन्ट' तर हमखास येणार. कारण आपण 'गेलो नाही' म्हणतो, 'गेलो' मधला भूतकाळ तसाच राहतो आणि मागून 'नाही' लागतं. मी सांगते की भूतकाळाची टोपी एकच आहे, ती डिडने घातली की पुढचा बोडका, म्हणून गो. ए आणि द चं पण तसंच, मराठीत आर्टिकल नाहीत त्यामुळे पोरं एकतर गाळतात नाहीतर दिसेल तिथे द ठोकतात. 'एक होता राजा, त्या राजाला दोन राण्या', पहिल्यांदा एक तिथे ए, ओळख झाली की द. सगळं यात बसत नाही, सूर्य-चंद्र, नद्यांची नावं वेगळी पाठ करून घ्यावी लागतात, पण सुरुवातीला पुष्कळ झालं. क्वेश्चन टॅगला, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडतात त्या छोट्या प्रश्नाला, मात्र आपला 'ना' नडतो. येणार ना, खाल्लं ना, होती ना, सगळीकडे एकच चालतो, म्हणून पोरं सगळ्या वाक्यांना 'इजन्ट इट' लावून मोकळी होतात. तिथे वाक्यातलं क्रियापद शोधायची सवयच लावावी लागते, शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

एक चूक माझी सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक चूक लाल पेनाने गोल करायचे. एक मुलगी आठ-दहा ओळी लिहायची, दोन आठवड्यांत तीनवर आली, आणि त्या तीन इतक्या सोप्या की चूक व्हायला जागाच नाही. तेव्हापासून मी एका आठवड्याला एकच प्रकार धरते, या आठवड्यात डिड तर डिडच, बाकी स्पेलिंग वगैरे दिसलं तरी गप्प बसायचं. फार जड जातं, पण जमतं.

परीक्षेचं टेन्शन आत्ता घेऊ नका, नववी आहे. फक्त गाईडमधली पत्रं पाठ करू देऊ नका. पेपरात सायकल हरवल्याची तक्रार विचारली आणि पोरीने पाठ केलेलं पाणी न येण्याचं पत्र जसंच्या तसं उतरवलं, हे मी बघितलंय. त्यापेक्षा आधी मराठीत विचारा, कुणाला लिहितोयस, काय बिघडलंय, त्याने काय करावं? तीन उत्तरं, तीन परिच्छेद, मोडकं का होईना स्वतःचं लिहू दे.

आणि हो, पंधरा दिवसांत एखादी आई विचारणारच, "मॅडम, टेन्स कुठपर्यंत आले?" मी पहिल्या दिवशीच्या पाच ओळींचा कागद तारीख टाकून जपून ठेवते आणि तोच पुढे करते.