पोथीचे मालक शोधताना आधी बांधणी बघा

मध्ययुगीन प्रार्थनापोथीची मालकी शोधायची तर चित्रांच्या मोहात लगेच पडू नका. आधी बांधणी, कुलचिन्हं आणि खाडाखोड बघा. सरावासाठी ‘त्रे रिश एर’ ही प्रार्थनापोथी घ्या, यासारखं शिकवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी लिंबूर बंधू ती रंगवत होते. १४१६ पर्यंत ड्यूक आणि तिघेही भाऊ वारले, काम अर्धवट राहिलं. ड्यूकच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत एका पेटीतल्या, न बांधलेल्या पानांची नोंद आहे. पोथीची ओळख पटली ती त्या नोंदीवरूनच! म्हणून जुन्या याद्या कंटाळवाण्या वाटल्या तरी ओळ न् ओळ वाचा.

पुढे सावोयच्या ड्यूक शार्लसाठी चित्रकार झां कोलोंबने ती पुरी केली. एका पानावर हा ड्यूक आणि त्याची पत्नी प्रार्थना करताना दिसतात, सोबत त्यांची चिन्हं.

नंतरच्या काळात मालकीच्या माहितीत मोठी पोकळी आहे. ती कल्पनेने भरू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. लाल चामड्याच्या बांधणीवर इटलीतल्या जिनोआच्या स्पिनोला आणि सेरा घराण्यांची चिन्हं आहेत, तेवढाच धागा धरा. १८५६ मध्ये ओमालच्या ड्यूकने ती विकत घेतली, आणि आज ती फ्रान्समधल्या शांतियीच्या कोंदे संग्रहालयात आहे.